दीड लिटरचा फिका रंग

"दाजी, मशिन खोटं बोलत नाही. डोळे तपासून घ्या!" हे प्रोग्रामरसाहेब भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर बोलले होते. रंग मिसळणाऱ्या मशिनचा प्रोग्राम त्यांचाच. आणि दाजी म्हणजे त्यांच्या थोरल्या ताईचे यजमान, रंग मिसळण्यात उभा जन्म गेलेले. दीड लिटरचा डबा भिंतीवर फिका का दिसतो, एवढंच बिचाऱ्यांनी विचारलं होतं.

दाजींनी मुकाट्याने चष्मा करून घेतला. तरी रंग फिकाच. मग आपणहून दुकानाच्या मालकांना म्हणाले, "मला आता रंग कळत नाहीत," आणि मागे गोदामात डबे रचायला लागले.

पुढे साहेबांनी स्वतःची बैठकीची खोली रंगवली. एक लिटरचा डबा संपला, दीडचा उघडला, आणि एकाच भिंतीचे दोन रंग झाले. तेव्हा कुठे या साहेबाने आपला प्रोग्राम उघडला.

डब्याचं मिलिलिटरमधलं माप भागिले हजार. पंधराशेला हजाराने भागलं. दोन्ही पूर्णांक, म्हणून उत्तरही पूर्णांकच: एक. वरचा अर्धा गुपचूप गळाला. मग ते उत्तर दशांशाच्या जागी ठेवताना प्रोग्रामच्या भाषेने आपसूक त्याचं १.० केलं. वरातीमागून घोडं! दीड लिटरच्या डब्यात एकाच लिटरपुरतं रंगद्रव्य पडत होतं. चाचणीच्या वेळी दशांशचिन्ह पाहून हा निर्धास्त झाला होता, आकडा वाचलाच नव्हता. नवशिक्यांना हीच चूक तो स्वतः हसत हसत शिकवायचा. त्याने हजाराचं १०००.० केलं. दुरुस्ती एवढीच. त्याला स्वतःची शिसारी आली.

तो गोदामात गेला. "दाजी, तुमचे डोळे ठीक आहेत. चूक माझी होती."

दाजींनी चष्मा काढला. "म्हणजे मी आंधळा होत नाहीये?"

ही भीती ते एकटेच उराशी घेऊन बसले होते. त्याला मान वर करवेना.

"तुझ्या ताईला सांगू नकोस हं," दाजी म्हणाले. "तिला तुझं फार कौतुक आहे."

त्याने दाजींना हाताला धरून पुढे नेलं. काउंटरवर गर्दी होती.

"मालक, दाजींचं काही चुकलं नव्हतं. प्रोग्राम चुकला होता," तो पुटपुटला.

"कुणाचा प्रोग्राम?" मालकांनी विचारलं.

"अहो, जाऊ द्या ना," दाजी मध्ये पडले.

"माझा," तो म्हणाला. या वेळी सगळ्या दुकानाला ऐकू गेलं.