नेच्यांना लागलेला चुना

विचुंब्याच्या आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमागे, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये, एक अरुंद पट्टी आहे. तिथे ऊन येत नाही. बिल्डरच्या कागदावर ती बाग आहे.

गव्हाण गावातलं आमचं घर पाडलं तेव्हा आई-वडील माझ्याकडे राहायला आले. आईने विहिरीच्या कडेचे नेचे तांबड्या मातीसकट बादलीत घालून आणले. बाकी सामान वडिलांनी आणलं, ते कुठे ठेवायचं यावर अजून चर्चा चालू आहे. जिथे गवतसुद्धा तग धरत नव्हतं, तिथे नेच्यांनी जमीन झाकून टाकली.

आई गेल्यावर वडील दिवसभर तिथे खुर्ची टाकून बसू लागले. मग पावसाळ्यात नेचे पिवळे पडायला लागले. मला रडू आलं. आईच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

नर्सरीवाला म्हणाला, "यांना आंबट माती लागते." हे मी घरी सांगितलं, इथेच चुकलं. वडिलांनी जन्मभर भातशेती केलेली. त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"आंबट नाय. अळणी हाय."

दुसऱ्या दिवसापासून ते आपल्या वाट्याचं ताक नेच्यांना घालू लागले. नेचे पिवळेच राहिले. शेजारचं मांजर मात्र अंगाने भरलं.

शेवटी मी नर्सरीवाल्याला फोटो पाठवला. त्याने एवढंच विचारलं, "भिंतीवर ते पांढरं काय आहे?"

चुना. वडील तंबाखू मळतात आणि चुन्याचं बोट भिंतीला पुसतात. हात पोचेल तिथवर भिंत पांढरी, आणि पावसाने धुतलेला चुना खाली मातीत. या सवयीवरून आई लग्नापासून त्यांच्याशी भांडत होती. शेवटी त्यांनी तिला चुना लावलाच.

चुन्याने मातीचा आंबटपणा जातो, हे मी त्यांना सांगितलं. मी भिंत खरवडली, खालची माती बदलली, चहाचा चोथा धुऊन घातला. त्या दिवसापासून ते बोट लुंगीला पुसतात.

आता नेच्यांना नवी वेटोळी फुटली आहेत. लुंगीचे डाग काही निघत नाहीत. परवा मी कंबरेवर हात ठेवून आईसारखं ओरडून पाहिलं, "लुंगी काय बोटा पुसायला हाय? तुमाला किती वेला सांगायचा?"

त्यांनी माझ्या कंबरेवरच्या हातांकडे पाहिलं. मग ते नेच्यांकडे वळले.

"तुला नाय जमत," म्हणाले.