आधी मी, मग कापूस

जिंतूरला एसटीची वाट बघत मी एका कापूस व्यापाऱ्याच्या दुकानासमोर उभा होतो. कापसाची गाठोडी घेऊन लोक रांगेत थांबले होते. त्यात एक जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई होती. नंबर आल्यावर तिनं गाठोडं बाजूला ठेवलं, देवळात शिरावं तशा चपला काढल्या आणि स्वतःच काट्यावर चढली.

"मावशी, कापूस ठेवा की!" व्यापारी म्हणाला.

"आधी मी, मग कापूस." आकडा बघून ती खदखदून हसली. "सकाळीच दवाखान्यात वजन करून आलेय. दुपारपस्तोर पाच किलो उतरले! डॉक्टरीणबाई उगंच भात सोडा म्हणायल्यात."

सगळी रांग हसली. मग ती हळूच म्हणाली, "देश लय मोठा होयलाय म्हणतेत, भाऊ. मग आमचा कापूसच कसा हलका होयलाय?"

व्यापाऱ्यानं आतून दुसरा काटा आणला. तिनं त्यावरही आधी स्वतः उभं राहून पाहिलं, मान डोलावली आणि मगच गाठोडं ठेवलं.

विकासावरची भाषणं मी पुष्कळ ऐकलीत. चपला काढून केलेलं हे एकच.

माझी एसटी आली. खिडकीतून पाहिलं, तर तिच्या मागचे आजोबा चपला काढत होते.