शेवटची पानं नळ्यांत गेली

गेल्या वर्षभरात वाचलेल्या कादंबऱ्यांत सगळ्यांत आवडलेली कुठली, असं कुणी विचारलं तर मी एका दमात सांगेन: जिचा शेवट मला वाचायलाच मिळाला नाही, ती!

आमच्या तेरखेड्यात फटाके होतात. दारू भरायचं काम गावाबाहेरच्या कारखान्यात. आमच्या घरी फक्त कागदाच्या नळ्या वळायच्या. त्यासाठी रद्दीची पोती येतात, आणि पोतं सोडलं की चिकटवायच्या खळीत हात घालायच्या आधी मी त्यातल्या कादंबऱ्या शोधते. काय काय सापडलं यंदा! एक खुनाची, मुखपृष्ठ नसलेली. एक कोकणातल्या होडीवाल्या बाईची, जिच्यापायी माझा भात दोनदा करपला. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, अक्षरओळख नाही. त्या नळ्या वळतात, मी मोठ्यानं वाचते. खुनाच्या कादंबरीतला खुनी त्यांनी चौथ्या प्रकरणातच ओळखला. सुरुवातीला "काम सोडून काय कीर्तन लावलंय" म्हणायच्या, पुढं पोतं आलं की त्याच आधी विचारायला लागल्या, "निघाली का गं एखादी?"

श्रावणात निघाली ती दोन बहिणींची. एका शब्दावरून बिनसलेलं, वर्षानुवर्षं बोलणं नाही, आणि एके दिवशी थोरली धाकटीच्या दाराशी जाऊन कडी वाजवते. तिथं प्रकरण संपलं. आत्यांचे हात थांबले. त्यांची धाकटी बहीण परंड्यात असते, आणि एका लग्नातल्या मानपानावरून दोघींचा अबोला, तोही मी या घरात यायच्या आधीपासूनचा.

"उद्या बघू दार उघडती का," त्या म्हणाल्या.

उद्या कुठलं! फळीवरचं वाचायचं आणि ढिगातलं वळायचं, हा आमच्या घरचा नियम. मी गडबडीत पुस्तक ढिगावर टाकलं. सकाळी आत्या माझ्याआधी कामाला बसल्या आणि मागून एकेक पान फाडत गेल्या. मी आले तेव्हा शेवट नळ्या होऊन अंगणात वाळत होता.

चूक माझी, आणि ओरडले त्यांच्यावर! मग दोघी उन्हात बसून नळ्या उलगडायला लागलो. शंभरेक तरी उलगडल्या असतील. हाती लागली ती एक अर्धी ओळ, 'कडी आतून', बाकी सगळा लगदा.

आत्यांचं तोंड एवढंसं झालेलं मला बघवेना. दुपारी मी पुस्तक उचललं, थोडी पानं शिल्लक आहेत अशी थाप ठोकली आणि मनचा शेवट वाचून दाखवला. दार उघडलं, धाकटी गळ्यात पडली, दोघी ढसाढसा रडल्या. असा काही रंगवला की मलाच तो खरा वाटायला लागला.

"लई ग्वाड हाय," आत्या म्हणाल्या. "पर पान न्हाय उलटलंस एकदाबी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्या ठेवणीतलं लुगडं नेसून तयार.

"परंड्याच्या वाटंला लावून दे मला."

"आत्या, तुम्ही एकट्या जाणार?"

"मंग? पुस्तकातल्या थोरलीसंगं कोण गेलं हुतं?"

दिवसभर माझं कामात चित्त नव्हतं. दार उघडलं असेल का? उघडून पुन्हा लावलं असेल तर? कादंबरी असती तर मी सरळ शेवटचं पान काढून बघितलं असतं. तिकडचा फोन नंबरही घरात कुणाकडे नव्हता.

संध्याकाळी आत्या गाडीतून उतरल्या. मी थांब्यावरच विचारलं, "काय झालं?"

"तुझा समदा शेवट चुकला," त्या म्हणाल्या. "कुणी गळ्यात पडलं न्हाय, कुणी रडलं न्हाय. बस म्हनली अन् चहा टाकला. बिनसाखरेचा."

"अजून राग धरून?"

"न्हाय गं." त्या हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. "मला शुगर निघून दोनच सालं झाली. म्या कधी सांगितलं तिला? कुणाकुणाला इचारत हुती काय की!"