मोसंबीला सलाईन

आमच्या घराण्यात कॉलेज पास झालेला मी पहिला. आणि पास झालो तेही शेतकीत. गावात याचं हसं झालं. वाटूरकडच्या आमच्या गावी सुट्टीत गेलो की हॉटेलातल्या बाकड्यावरून कुणीतरी हमखास ओरडायचं, "आले बरं का शेतकी साहेब! साहेब, रान कुठंशी हाय तुमचं?" आमच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. आईबापानं जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं. त्या हसण्याचं मला वाईट वाटलं नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण डिग्री मी फ्रेम करून भिंतीवर लावली, आणि ती अजून तिथंच आहे.

नोकरी लागली बदनापूरच्या शेतकी फार्मवर. बाप गेल्यावर मायला घेऊन मी जालन्यात मस्तगडला वरच्या मजल्यावरची एक खोली भाड्यानं घेतली. सकाळच्या गाडीनं बदनापूर, संध्याकाळच्या गाडीनं परत. खोली बघायला गेलो तेव्हा मालकीणबाईंनी गाव विचारलं, नोकरी विचारली, पगार विचारला. पुढचा प्रश्न त्या नुसताच घोळवू लागल्या तेव्हा मीच म्हणालो, "आम्ही बौद्ध आहोत. चालत असेल तर पेटी आणतो."

त्यांनी अंगणातल्या तुळशीकडं पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "भाडं बराबर येईल ना महिन्याला? मंग आणा पेटी. पर गच्चीवर थुंकायचं न्हाई, बिलकुल न्हाई."

त्याही मूळच्या शेतकरी घरच्या, नवऱ्यामागं एकट्याच राहणाऱ्या; मुलगे-सुना बाहेरगावी. बाई तोंडानं फटकळ होती, पण मनात काही ठेवणारी नव्हती. त्यांच्या अंगणात नळ होता. तो वापरू नका असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि वापरू का असं मायनं कधी विचारलं नाही. गल्लीच्या तोंडाशी सरकारी नळ होता. तिथून माय घागर भरून जिन्यानं वर आणायची.

खोलीसमोर लहानशी गच्ची होती. मायनं तिथं डबे मांडायला सुरुवात केली. तेलाचे, डालड्याचे, बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेले. एकात मिरची, एकात कोथिंबीर, एकात झेंडू. मी चेष्टेनं विचारायचो, "माय, औंदा पीकपाणी कसं?" ती म्हणायची, "आमचं काय, बागायतदार आम्ही." आणि खुरपं नसल्यामुळं मोडक्या उलथण्यानं माती भुसभुशीत करत बसायची.

या सगळ्यात तिचा जीव एका मोसंबीवर होता. फार्मच्या रोपवाटिकेत कलमं निवडताना एक वाकडं निघालं. उकिरड्यावर जाणारच होतं, म्हणून विचारून मी घरी आणलं. मायनं ते दोन्ही हातांत असं घेतलं, जसं कुणी नातवंड घ्यावं. तिनं तरुणपणी एका मालकाच्या मोसंबीच्या बागेत वर्षानुवर्षं आळी खणली होती. खाली पडलेली, एका बाजूनं नासलेली मोसंबी तेवढी घरी यायची. "झाडावरची तोडून कशी लागत आसंल रे?" असं ती एकदा म्हणाली होती. कलम तिनं तेलाच्या मोठ्या डब्यात लावलं. पाणी द्यायची तिची एक रीत होती. तांब्याभर एकदम ओतायची नाही. दिवसभरात येता-जाता पेल्यानं थोडं थोडं द्यायची. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं. "लेकराला घोट घोट पाजावं लागतं," म्हणायची.

बहात्तरचा दुष्काळ सरून पाऊस झाला होता, पण पुढचा उन्हाळाही कडकच निघाला. चैत्राच्या मध्यावर एके दिवशी घागर घेऊन जिना चढताना मायचा पाय घसरला. घागर वाचली. हात मोडला, तोही उजवा. दवाखान्यात कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी ताकीद दिली की ओझं तर नाहीच, जिनाही जपून.

मी पहाटे पाणी भरायचो, सगळ्या डब्यांना घालायचो आणि गाडी पकडायचो. पण गच्चीची फरशी दहा वाजताच तव्यासारखी तापायची. डब्यात ओतलेलं पाणी निम्मं भोकांतून वाहून जायचं, उरलेलं दुपारपर्यंत आटायचं. मोसंबीचा डबा मी भिंतीच्या सावलीला सरकवला, बुडाशी पाचोळा घातला. तरी पानं आत वळायला लागली. माय डाव्या हातानं पेला घेऊन उठायची, तोल जायचा, पाणी अर्ध्या वाटेतच सांडायचं. मी रागावलो तर म्हणाली, "तू दिवसभर तिकडं. मी इथं कुणाकडं बघू? भिंतीकडं? ते एक झाड हाय माझं. ते गेलं तर मी गावाकडं जाते, बाबा. तिथं निदान माणसं तरी वळखीची हायेत."

ती उगीच धाक घालणारी बाई नव्हती. बोलली म्हणजे करणार. आणि मोडक्या हातानं गावाकडं तिला कोण बघणार होतं?

फार्मवर एकदा बाहेरून आलेल्या एका अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं की परदेशात कुठंतरी झाडाला नळीनं थेंब थेंब पाणी देतात. आम्ही सगळे तोंडावर हात धरून हसलो होतो. मोट आणि इंजिन बघितलेली माणसं आम्ही. थेंबानं शेती होते हे पटायचं कसं? पण मायचं प्लास्टर दाखवायला गेलो, आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला सलाईन लावलेली बघितली. बाटलीतून एक थेंब, मग थांबून दुसरा. घोट घोट. मी बघतच उभा राहिलो.

कंपाउंडर ओळखीचे झाले होते. त्यांना म्हणालो, "एखादी वापरून टाकलेली बाटली अन् नळी मिळंल का?"

"कुणाला लावता?"

"मोसंबीला."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "केसपेपर काढला का तिचा? वय काय लिहू?" पण कागदात गुंडाळून दिली. वर म्हणाले, "पेशंट दगावला तर आमच्याकडं आणू नका."

रविवारी मी तीन बांबू बांधून तिकाटणं उभं केलं, बाटली उलटी टांगली आणि नळी मोसंबीवर सोडली. चार थेंब पडले आणि बंद. चिमटा सैल केला, नळी झटकली, काही नाही. माय दारात बसून बघत होती. "साहेब, परीक्षेत हे आलं नव्हतं का?" बाटलीत हवा शिरायला वाट ठेवायची राहिली होती. दवाखान्यात त्यासाठी वेगळी सुई खुपसतात. मीही एक जाड सुई खुपसली, आणि थेंब सुरू झाले. पहिल्या दिवशी माय जेवायलासुद्धा आत आली नाही. ताट बाहेर मागवलं. दोन-तीन दिवसांत पानं उलगडायला लागली. बाटली सकाळी मी भरायचो, दुपारी ती बसल्या बसल्या डाव्या हातानं भरायची. गावाकडं जायची भाषा थांबली.

एवढ्यात वैशाख लागला.

वैशाखात तुळशीला गळती लावायची रीत पुष्कळ घरांत आहे. वर भोकाचं मडकं टांगायचं आणि उन्हाळाभर तुळशीवर थेंब थेंब पाणी पडू द्यायचं. महादेवाच्या पिंडीवरही तसंच. मालकीणबाईंनी खाली तुळशीवर गळती लावली होती. त्या पापड वाळत घालायला वर आल्या आणि आमचं तिकाटणं बघून जागीच थांबल्या.

"अगं बाई! तुम्ही बी गळती लावली?" त्यांना खरोखर आनंद झाला होता. "मोसंबीला का होईना, पर लावली! मला सांगायचं तरी." लगबगीनं खाली गेल्या, हळदीकुंकू घेऊन आल्या, डब्याला बोटं ओढली, हात जोडले. मी गाडीच्या गडबडीत होतो. एक पाय चपलेत, एक बाहेर. मायकडं बघितलं. ती डब्याकडं बघत होती. मला वाटलं, चला, निभावलं.

संध्याकाळी आलो तर तिकाटणं आडवं पडलेलं. बाटली कोपऱ्यात. डबा धुऊन पुसून लख्ख केलेला, आणि माती भेगाळलेली. माय भिंतीला टेकून बसली होती.

"हे कुणी काढलं?"

"मी."

"माय, आपण कुठं पूजा केली? ते पाणी द्यायचं साधन हाय नुसतं. त्यांनी कुंकू लावलं तर लावू दे. झाड मरंल."

"मरू दे."

 ज्या झाडासाठी ती गाव गाठायला निघाली होती, त्याच झाडाबद्दल ती हे बोलत होती. दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक तिनं स्वतः दुधना नदीत सोडले होते, मागं वळून न बघता. मला वाटलं, हे त्यातलंच. तसं होतंही. मी म्हणालो, "कुंकवाचा राग आला का?"

"कुंकवाचं काय, धुतलं की गेलं. तिनं मायेनंच लावलं." मग म्हणाली, "पर मी दिवसभर ते बघून राह्यले. हे मला आवडत होतं तरी कसं, तेच कळंना. तुला विहीर आठवती का रे आपल्या गावची?"

आठवत होती. लहानपणी तिचं बोट धरून मी तिथं गेलो आहे. आमच्या बायकांना विहिरीवर चढायची मुभा नव्हती. खाली घागरी मांडून बसायचं. वरच्या कुणाला दया आली तर तो हात लांब करून वरून ओतायचा. अर्धं घागरीत, अर्धं अंगावर. देवळातल्या पिंडीवर गळती दिवसभर चालायची. तिचा आवाज बाहेर आमच्यापर्यंत यायचा, आणि माय घागर घेऊन वर तोंड करून बसलेली असायची.

"ती बाई हात जोडून गेली, अन् मंग मला दिसलं," माय म्हणाली. "झाड बी तसंच बसलंय. वर कुणीतरी हाय, थेंब कवा सोडतो त्याची वाट बघत. माझ्यावाणी. मला न्हाई बघवलं."

 मी पेल्यानं झाडाला पाणी घातलं, चहा टाकला, आणि चहा पिता पिता म्हणालो, "मंग वरून नको. बाजूनं देऊ. रानात चारीनं देतात तसं, बुडाशी."

"जमंल?"

"का नाही जमणार? डिग्री काय वाऱ्यावर मिळाली का?"

ती हसली. त्या दिवसातलं पहिलं हसणं.

दुसऱ्या दिवशी डालड्याच्या डब्याला बुडाशी एक बारीक तोटी पत्रेकाम करणाऱ्याकडून डाक लावून बसवून आणली. डबा कठड्याजवळ चार विटांवर ठेवला. नळी फरशीवरून नेली आणि मोसंबीच्या डब्याला बाजूनं भोक पाडून मातीत, पाचोळ्याखाली दडवली. गाळ अडकू नये म्हणून डालड्याच्या डब्याच्या तोंडाला धोतराची चिंधी बांधली. दिसायला काहीच उरलं नाही. थेंब नाही, आवाज नाही. नुसती मुळाजवळची माती ओली. मायनं डाव्या हाताचं बोट मातीत खुपसून बघितलं. "तुझा डबा अजून उंचच हाय पर," ती म्हणाली.

"तेवढा ठेवावाच लागंल. नाहीतर पाणी चालायचं नाही."

"हां, ते मला बी कळतं. तेवढं ऱ्हाऊ दे."

पापड गोळा करायला मालकीणबाई वर आल्या. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. "अवो बाई, गळती कुठं गेली?"

मी बोलणार होतो, पण मायनं हातानं थांबवलं. "गळती नव्हती ती. सलाईन होतं. आमच्यात ते न्हाई, मालकीणबाई. सोडलं आम्ही. तुम्ही लावलेलं कुंकू बी मी धुतलं. वाईट वाटून घेऊ नका."

मालकीणबाई ओशाळल्या. पापड हातात धरून म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही बी आमच्यासारखंच... म्हणून बरं वाटलं होतं मला."

"बरं वाटायला झाड पुरं न्हाई का?" माय म्हणाली. "बसा की. चहा घेता?"

त्या बसल्या. वर्षभर आम्ही त्यांच्या घरात राहत होतो, पण आमच्या खोलीत त्यांनी घेतलेला तो पहिला चहा. कपात साखर कमी आहे असंही सांगितलं.

पुढच्या रविवारी जिन्यावर धापा ऐकू आल्या. मालकीणबाई घागर घेऊन वर येत होत्या, त्यांच्या अंगणातल्या नळाची. "पोरगा दिवसभर बदनापूरला, तुमचा हात असा. म्हटलं, एक घागर टाकावी डब्यात." आणि डब्यावर घागर वाकवायला लागल्या.

"ओतू नका!" माय म्हणाली.

त्या दचकल्या. त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, आता आपल्या पाण्यालाही नकार.

"खाली ठेवा. अशी. माझ्यापाशी." मायनं डाव्या हातानं पेला घेतला, घागरीत बुडवला आणि डब्यात रिकामा केला. मग पुन्हा. मग पेला मालकीणबाईंच्या पुढं केला. "घ्या, तुम्ही बी भरा."

दोघी घागरीच्या दोन बाजूंना बसून पेला पेला पाणी भरत राहिल्या. मालकीणबाईंच्या गुडघ्यांबद्दल, सुनांबद्दल, तिखटाच्या भावाबद्दल बोलणं चाललं होतं. घागर संपल्यावर त्या कठड्याला धरून उठल्या. "हात बरा झाला की खाली नळावर येत जा. रोज रोज जिन्यानं घागर आणायला मी काय तुमची सून हाय?"

"बघू," माय म्हणाली.

पाऊस लागायच्या आत प्लास्टर निघालं. हात वाळून काटकीसारखा झाला होता. मायनं तो दोन दिवस तेल लावून चोळला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रिकामी घागर कमरेला लावून जिना उतरली. मी गच्चीवरून बघत होतो. ती गल्लीच्या तोंडाकडं वळली नाही. अंगणात गेली, नळाखाली घागर ठेवली आणि तोटी स्वतःच्या हातानं फिरवली. आतून मालकीणबाईंचा आवाज आला, "जोरात फिरवा, अडकती ती!"

वर मोसंबीला बोटभर कोवळा शेंडा फुटला होता. त्या दिवशी माझी गाडी चुकली, आणि मी मुद्दाम चुकू दिली.