एका मनगटावरचे दोन दोरे

"कॉलरा आहे," डॉक्टर म्हणाले आणि माझं मनगट सोडून त्यांनी मायचं धरलं. "दोघांनाही."

कॉलरा म्हणजे आपली पटकी. शाळेत मी पोरांना तिची लक्षणं फळ्यावर लिहून देत असे: जुलाब, उलट्या, पायात गोळे. आवाज जातो, हे मात्र मलाच माहीत नव्हतं. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावातून बैलगाडीने तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत माझा आवाज पार गेला होता. गावचा एकुलता एक मास्तर मुका झाला म्हणून पोरांना फार दुःख झालं असेल असं नाही.

आम्ही आत शिरलो आणि फाटकाला पुन्हा आडवा बांबू पडला. आत आलेला बरा झाल्याशिवाय बाहेर जाणार नाही, नातलग आत येणार नाहीत. खाटा भरल्या होत्या. वऱ्हांड्यात दाराजवळ माझी चटई, पलीकडे मायची.

डॉक्टर एक, नर्सबाई एक, कंपाउंडर एक. डॉक्टरांनी आमच्यासमोरच कामं वाटली. कंपाउंडरने पाणी आणि सुया उकळायच्या, नर्सबाईने सलाईन लावायचं. सलाईन म्हणजे शिरेतून द्यायचं मिठाचं पाणी. अंगातलं आटलेलं पाणी त्याने भरून निघतं. बाटल्या थोड्या होत्या. म्हणून ज्याची नाडी लागत नाही त्याच्या उजव्या मनगटावर लाल दोरा. ज्याला तोंडाने पाणी पिता येतं त्याला पांढरा.

"मी नसताना दोरा म्हणजे माझा हुकूम," ते नर्सबाईला म्हणाले. "दारापासून ओळीने जायचं. वाद नको."

पहिल्या दिवशी आम्हा दोघांनाही लाल दोरा. दोन बाटल्यांनी मी सावरलो. दुसऱ्या सकाळी डॉक्टरांनी माझा लाल दोरा कापून पांढरा बांधला; मायचा लालच राहिला. त्याच मनगटावर मरीमायचाही लाल दोरा होता. साथ आली की आमचा पुजारी तो सगळ्यांना बांधतो, बाप्यांच्या उजव्या हातात, बायांच्या डाव्या. डॉक्टर तोही कापू लागले तेव्हा मी मनगट पोटाशी घट्ट धरलं. पोरांना शास्त्र शिकवणारा मी, पण जीवावर बेतल्यावर देवी सोडायची हिंमत झाली नाही. डॉक्टरांना विहिरींत औषध टाकायला गावोगाव जायचं होतं. त्यांनी नाद सोडला आणि ते गेले.

दुपारी मायला पुन्हा जुलाब लागले. डोळे खोल गेले, बोटं गार पडली.

नर्सबाई उरलेली शेवटची बाटली घेऊन आली. दारापासून पहिला मी. पांढरा दोरा बाहीत वर सरकलेला, मनगटावर लाल तेवढा दिसत होता. तिने माझ्या डाव्या हातात सुई खुपसली आणि हात फळीला बांधला.

मी मान हलवली, मायकडे डोळे फिरवले. घशातून नुसती हवा निघाली.

"मायची काळजी करून राह्यले न मास्तर?" ती म्हणाली. "त्याईचाही नंबर लागन. चांद्याहून बाटल्यांची पेटी येऊन राह्यली. हलू नका."

आणि ती आत गेली. सुई उपटली असती तर शेवटची बाटली जमिनीवर सांडली असती. मी पडून राहिलो. बाटलीतलं पाणी माझ्यात उतरत होतं आणि हातभर अंतरावर मायचा श्वास लहान होत चालला होता. इतका अडकलेला मी जन्मात कधी नव्हतो.

शेवटी उजवं मनगट तोंडाशी नेलं आणि मरीमायचा दोरा दातांनी तोडला. मग लोटा फरशीवर आपटत राहिलो.

"सांगतलं न हलू नका म्हनून," ती चिडून आली.

मी तुटलेला दोरा तिच्या हातावर ठेवला आणि दातांनी बाही वर ओढली. तिने पांढरा दोरा पाहिला. माझी नाडी धरली, मग मायची. तिचा चेहरा उतरला. तिने दुसरी सुई मागवली. मायची शीर तिसऱ्या वेळी सापडली. अर्धी बाटली तोवर माझ्यात गेली होती.

उरलेल्या अर्ध्या बाटलीवर मायने तग धरला. दिवस मावळता पेटी आली. परतल्यावर डॉक्टरांनी हुकूम बदलला: दोरा बघा, पण नाडी धरल्याशिवाय सुई लावू नका, आणि चूक दिसली तर चटईवरच्या पेशंटनेही अडवायचं. मीही सांगतो, तुमच्यावर अशी वेळ आली तर भीड बाळगू नका. आवाज नसेल तर लोटा आपटा.

नवव्या दिवशी आम्हाला घरी जायची परवानगी मिळाली. तोवर मी मनातल्या मनात नर्सबाईविरुद्ध एक झकास अर्ज तयार केला होता. त्यात माझ्या दोऱ्याचा उल्लेख नव्हता.

ती स्वतःच आली आणि मायपुढे उभी राहिली. "मावशी, तुमची बाटली मी मास्तरले लावली होती. माह्या हातून चूक झाली."

"बाई, तू पयले बस," माय म्हणाली. "नऊ दिसात तुले बसलेली पाह्यली नाई मी."

आणि चटईवर सरकून तिने जागा केली. नर्सबाई बसली आणि मायच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडू लागली.