पॉप-पॉपची टीम आणि माझा पाण्यातला देव

शेजारच्या म्हाताऱ्याची टीम हरावी म्हणून मी अमेरिकेत देव पाण्यात ठेवला होता. हे आजवर कोणाला सांगितलं नाही. लोक देव पाण्यात ठेवतात ते पोराच्या परीक्षेसाठी, सुनेच्या बाळंतपणासाठी. काम झालं की त्याला बाहेर काढायचं, पुसायचं, गूळखोबरं दाखवायचं. कोणाचं वाटोळं व्हावं म्हणून देव बुडवून ठेवणारा मीच पहिला असेन.

बायको गेली आणि मुलगा मला इकडे पिस्कॅटवेला घेऊन आला. एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. तो टेलिफोनच्या कंपनीत, सून कुठल्याशा लॅबमध्ये. दोघं आठवडाभर घराबाहेर आणि रविवारी कपडे धुण्यात नाहीतर बाजारात. राहिली नात, नऊ वर्षांची. रविवारची दुपार तिची आणि माझी. मी चौथीत शाळा सोडली, पण हुतूतूचं मैदान चाळिशीपर्यंत सोडलं नाही. सूतगिरणीच्या संघात होतो. कोणाला कसा घोट्याला धरून पाडला, एकट्यानं किती गडी मारून आलो, हे सगळं तिला सांगायचो. ती पलंगावर पालथी पडून ऐकायची. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मीच जिंकायचो. खोटं नाही, जिंकायचोच.

मग एका सप्टेंबरात ती रविवारी एक वाजला की शेजारी जायला लागली.

शेजारी म्हातारा राहायचा. म्हातारा म्हणतो खरा, पण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. जन्मभर बस चालवून रिटायर झालेला, बायको वारलेली. दर रविवारी टीव्हीसमोर बसून आपल्या टीमचा फुटबॉल बघायचा. नात त्याला पॉप-पॉप म्हणायची. इकडे आजोबाला तसं म्हणतात, हे मला सुनेनं सांगितलं आणि मी अर्ध्या ताटावरून उठलो. त्यानं तिला टीमची टोपी दिली. ती टोपी घालून ती जेवायला बसायची.

"तिला आजोबा आहे म्हणावं घरात," मी मुलाला म्हणालो.

"अहो बाबा, शेजारी आहेत ते. एकटे असतात. टीव्ही तर बघते, जाऊ द्या."

"मी काय दुकटा आहे?"

मुलगा हसला. मी काही विनोद केला नव्हता.

त्या खेळावर मी खिडकीतून नजर ठेवून होतो. आमच्या खिडकीतून त्याचा टीव्ही अर्धा दिसायचा. न सोललेल्या नारळासारखा चेंडू, त्याच्यावर सगळे ढीग करून पडायचे, आणि मग दोन माणसं साखळी घेऊन जमीन मोजायची, शेताची मोजणी आल्यासारखी. पण एवढं मला कळलं, की ही टीम हरते. म्हातारा कपाळावर हात मारायचा आणि माझी नात त्याच्या पाठीवर थोपटायची. ते बघवायचं नाही.

मी म्हटलं, पोर आहे. हरणाऱ्याचा कंटाळा येईल, येईल परत. पुढच्या रविवारी ती टोपी शोधत होती तेव्हा विचारलंच, "हरली ना तुझी टीम?"

"हो. पुन्हा."

"मग कशाला जातेस?"

"हरली म्हणून तर जाते. ही इज सो सॅड, आजोबा. एकटा कसा हरणार तो?"

यातनं काही शिकायचं होतं, पण मी शिकलो नाही. मला वाटलं, अजून पुरेशी हरली नाही.

बायकोच्या देवघरातला पितळी गणपती मी येताना बरोबर आणला होता, अंगठ्याएवढा. त्या रविवारी अंघोळ करून मी त्याला स्टीलच्या वाडग्यात बसवला, वर गळ्यापर्यंत पाणी घातलं आणि वाडगा कपाटात शर्टांच्या मागे ठेवला. म्हटलं, देवा, आज असा मार खाऊ दे त्यांना, की त्या म्हाताऱ्यानं टीव्ही विकला पाहिजे. चार वाजता शेजारून रडका आवाज आला. देवाला काढला, पुसला, गूळ दाखवला.

पुढचे कितीतरी रविवार हाच नेम. मधे फक्त एकदा चुकला. महाराष्ट्र मंडळाची दिवाळी होती, सकाळीच मुलगा गाडीत घालून घेऊन गेला, देव कोरडाच राहिला. संध्याकाळी परत आलो तर म्हातारा अंगणात टोपी उडवत होता. जिंकले होते! झालं, माझी खात्री पटली. सगळी टीम माझ्या वाडग्यात आहे. खरं सांगतो, गिरणीतून खेळताना चढला नसेल एवढा ताठा मला त्या दिवसांत चढला होता.

आणि नात? ती आता शनिवारीही जायला लागली. म्हाताऱ्याबरोबर बसून पुढच्या सामन्याची काळजी करायला.

मोसमाचा एकच सामना उरला होता, त्याच्या आदल्या रविवारची गोष्ट. तिला थंडीसाठी माझा मफलर हवा होता. मी त्या दिवशी देवाला आधीच पाण्यात बसवून अंघोळीला गेलेला. बाहेर आलो तर कपाट उघडं आणि वाडगा तिच्या हातात.

"आजोबा, बाप्पा पाण्यात का आहे? व्हाय इज ही स्विमिंग?"

"देव पाण्यात ठेवलाय. मनातलं व्हावं म्हणून ठेवतात."

"तुझ्या मनात काय आहे?" तिनं एकदा वाडग्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "टीम?"

मी मान हलवली. तेवढं खरं होतं. पुढचं तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिनं वाडगा ठेवला आणि माझ्या कमरेला मिठी मारली. ओल्या अंगानं मी तसाच उभा. अशी मिठी तिनं सप्टेंबरपासून मारली नव्हती, आणि जी मिळाली ती चोरीची.

त्या दिवशीही ते हरले. सामना संपल्यावर दारात म्हातारा, टोपी हातात धरून. इंग्रजीत बरंच बोलला. नातीनं सांगितलं, "तो म्हणतो, त्याच्या टीमसाठी जगात दुसरं कोणी प्रे करत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. लास्ट गेमला तू ये म्हणतो." मला नाही म्हणायचं होतं. पण ती माझं बोट धरून उभी होती.

शेवटच्या रविवारी मी देवाला कोरडा ठेवला. म्हटलं, आज माझं काही मागणं नाही, जिंकू दे बापड्यांना. माझ्या मनात पक्कं होतं, की आता जिंकतातच.

म्हाताऱ्यानं मला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण स्टुलावर बसला. जवळून बघितल्यावर खेळ बराच हुतूतूसारखा निघाला. म्हाताऱ्याच्या टीमचे गडी चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या खांद्याला लोंबकळत होते आणि तो त्यांना घेऊन फरपटत पुढे जात होता. मला राहवेना. ओरडलो, "अरे, घोट्याला धर! खाली!" म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं, स्वतःचा घोटा दाखवला आणि जोरात मान हलवली. त्याला कळलं! मला आनंद झाला आणि झाला म्हणून राग आला.

हरले. चांगले सपाटून हरले.

मी खुर्चीत थिजलो. म्हणजे माझ्या वाडग्याचा काही संबंधच नव्हता. ती टीमच तसली. तीन महिने देवाला गारठवलं, आणि ते आपले आपणच हरत होते. त्यांच्या हरण्यातसुद्धा माझा हात नव्हता. आणि समोर माझी नात म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणत होती, "नेक्स्ट इयर, पॉप-पॉप." त्या हाताकडे मी बघत राहिलो. माझा हात तिनं असा कधी धरला नव्हता. कसा धरणार? मी तर कधी हरलोच नव्हतो.

पुढच्या रविवारी सामना नव्हता. ती माझ्या खोलीत आली, जरा कंटाळलेलीच. "आजोबा, गोष्ट सांग. तू जिंकलास ती."

"आज हरलो ती सांगतो."

ती पालथी पडली होती, ती उठून बसली.

सांगितली. शेवटचा सामना, दोन्ही संघ बरोबरीत, शेवटची चढाई माझी. एक गडी मारला असता तर कप आमचा. मी आत गेलो, एकाला हात लावला आणि रेषेपासून वीतभर अंतरावर माझा दम तुटला. अख्खी गिरणी बघत होती. बायकांच्या बाजूला तुझी आजी, नवीन लग्न झालेली. मी रस्ता सोडून शेतातून घरी गेलो.

"मग आजी काय म्हणाली?"

"काही नाही. ताट वाढलं."

"तू जेवलास?"

"नाही."

तिनं माझा हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, "हे मी पॉप-पॉपला सांगू? त्याला खूप आवडेल."

"नाही सांगायचं."

"व्हाय?"

"त्याच्याकडे अख्खी टीम आहे हरायला. ही चढाई माझी एकट्याची आहे."