पक्कं हाय की

“खुर्च्या हायत की गं तुमच्यात. टेकायला खुर्च्या हायत, मग घर कशाला मागतीयास?”

भरल्या ग्रामसभेत सोसायटीचा चेअरमन माझ्या आईला असं म्हणला. घरकुलाला पात्र कोण, अपात्र कोण, ते ग्रामसेवक वाचून दाखवत हुता. आमचं नाव अपात्रात निघालं. आई उठून ‘का वो?’ एवढंच म्हणली हुती. सगळी सभा हसली. ग्रामसेवकबी हसला. आईनं पदर तोंडाला लावला आणि खाली बसली. जिनं जन्मभर त्या चेअरमनचा ऊस भांगलला, त्यातलं तण काढलं, ती बाई त्याच्या एका बोलण्यानं एवढीशी झाली.

खुर्च्यांचं सांगते.

आमचं घर खालच्या गल्लीत. महापुराचं पाणी शिरलं आणि मागची भिंत बसली. तवापासनं मागं ताडपत्री. झोपलं की पाय तिला लागत्यात आणि पलीकडनं कुत्रं येऊन हुंगतं. मी वडगावला कापडदुकानात कामाला. तेवढ्या पगारात भिंत उभी ऱ्हात न्हाय. घरकुल मिळालं तरच घर, न्हायतर ताडपत्री.

पडताळणीला साहेब येणार असा निरोप आला. आणि आईनं काय करावं? घर सजवलं. पावणा येणार म्हणलं की आमच्या बाया हेच करत्यात. तिनं म्होरल्या भिंतीला चुना दिला, सारवलं, शेजारच्या सुरेखामावशीच्या खुर्च्या आणल्या, आणि ताडपत्री दिसू नये म्हणून तिच्यावर नवी वाकळ सोडली. साहेब मोबाईल घेऊन आला. चेअरमन संगं आलता, पण आत आला न्हाय. आमच्या गल्लीत तो कुणाच्याच घरात पाय ठेवत न्हाय, चहा घेत न्हाय. दारात गाडीवर बसून ऱ्हायला. साहेबानं खुर्चीत बसून इचारलं, घर पक्कं आहे का?

आई म्हणली, “पक्कं हाय की.”

काय म्हणावं ह्या बाईला. पावण्याम्होरं आपलं घर मोडकं म्हणायला तिची जीभच वळत न्हाय. तिला वाटलं, घर नीटनेटकं हाय का असं इचारतोय. साहेबानं म्होरनं फोटो मारला, चहा पिला आणि गेला. मी दुकानात हुते. मागची भिंत पडलीया हे चेअरमनला चांगलं ठावं हुतं. जुनी ताडपत्री मागायला आई त्याच्याच दारात गेलती. तरी त्यानं तोंड उघडलं न्हाय.

आणि त्याच्या पुतण्याचं नाव पात्रात. पुतण्याचा दुमजली बंगला हाय. त्यानं साहेबाला जुना गोठा दाखवला, म्हशी भाईर काढून, आत चूल मांडून. सगळ्या गावानं बघितलं. तवा कुणाला हसू आलं न्हाय.

सभेत मी उठले. म्हणले, खुर्च्या मागून आणल्यात, मागची भिंत येऊन बघा. आणि पुतण्याचा गोठाबी बघा. हसणं थांबलं. चेअरमननं आवाज गोड केला.

“खाली बस पोरी. म्होरल्या टायमाला जरा गरिबागत ऱ्हावा. चुना खरवडा, फाटकं नेसा, रडा जरा साहेबाम्होरं. मग बघू.”

त्या एका शब्दानं माझं टाळकं फिरलं. गरिबागत! ह्यास्नी आमची गरिबीबी सोंग काढून पायजे. आमी सारवून, धुऊन, माणसागत ऱ्हायलो की आमचा हक्क गेला. आणि ह्यांनी गोठ्यात चूल मांडली की हे पात्र.

“आमी गरीब हाय,” मी म्हणले. “गरिबागत ऱ्हाणार न्हाय.”

ग्रामसेवकाला म्हणले, आक्षेप लिवून घ्या. तो चेअरमनच्या तोंडाकडं बघायला लागला. मी म्हणले, तिकडं काय बघताय, बोलतीया मी. आई माझा हात ओढत हुती, बस की गं, उद्या त्यांच्यातच भांगलायला जायचं हाय. मी बसले न्हाय. त्याचं लिवून हुईस्तवर उभी ऱ्हायले.

दुसऱ्या दिवशी आईला रानातनं परत लावून दिलं. चेअरमनच्या भावकीत आता कुठंच तिला काम न्हाय. गल्लीतल्या बाया म्हणत्यात, पोरगी लई शाणी झाली. आईबी तेच म्हणली. मला तिचा राग आला न्हाय. तिला ज्यांनी असं भिऊन जगायला लावलं त्यांचा आला, आणि तो अजून उतरलेला न्हाय. मला उतरवायचाबी न्हाय.

पंचायत समितीत तक्रार दिलीया. दुसरा साहेब येणार म्हणत्यात. येऊ दे. आई सारवंल, सारवू दे. चहा टाकंल, टाकू दे. पण त्या दिवशी मी दुकानात रजा टाकणार आणि साहेबाला आधी मागल्या अंगाला नेणार. मधी कोण आडवा आला तर त्यालाबी संगं नेणार. घर मिळंस्तवर मी गप बसणार न्हाय. आणि मिळाल्यावर तर मुळीच न्हाय.